हिरवा ठिपका आणि दुकानातली फळी: डेबियनमध्ये पॅकेज कुठे ठेवायचं

मे महिन्यात भाचा वेंगुर्ल्याला आला तो आंब्यांसाठी नाही, एक अडलेलं काम घेऊन. बंदरावर त्याच्या आजोबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी होडी आहे. होडी पाण्यात कधी लोटायची ते भरतीवर ठरतं. म्हणून या पोराने भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. प्रोग्राम बरा चालत होता. आता त्याला तो डेबियन या लिनक्सच्या, म्हणजे एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या, अर्काइव्हमध्ये (सॉफ्टवेअरच्या जाहीर साठ्यात) घालायचा होता, म्हणजे जगात कुणालाही एका ओळीची आज्ञा देऊन तो उतरवून घेता आला असता.

पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचं बसवता येण्याजोगं गाठोडं, बांधून झालं होतं. फक्त पॅकेजच्या माहितीच्या फाइलमधली एक ओळ रिकामी होती. त्या ओळीला सेक्शन म्हणतात.

"मामा, सगळा झाला. आता ह्या खंय घालूचा ता फक्त सांग."

मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. ते तीन दिवस चाललं, आणि त्या तीन दिवसांत मीही थोडा शहाणा झालो. जे भाच्याला सांगितलं तेच इथे लिहितोय. लिनक्स रोज वापरणाऱ्यालाही ही भानगड सहसा ठाऊक नसते, कारण त्याला तयार पॅकेज मिळतं. ते कुठे ठेवायचं हा प्रश्न ठेवणाऱ्यालाच पडतो.

डेबियन १९९३ सालापासून चालू आहे. कुठल्या कंपनीच्या मालकीचं नाही, जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात. आज त्याच्या एका आवृत्तीत साठ हजारांहून जास्त पॅकेजेस असतात. एवढा माल एकाच ढिगात टाकून चालत नाही, हे सांगायला नको. गोंधळ होतो तो पुढे. त्या एका ओळीत खरं तर दोन प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात, आणि नवशिका माणूस ती एकच समजतो. उदाहरणार्थ एखाद्या पॅकेजवर "कॉन्ट्रिब, तिरकी रेघ, नेट" असं लिहिलेलं दिसतं. रेघेच्या आधीचा शब्द म्हणजे अर्काइव्हचा एरिया, नंतरचा म्हणजे सेक्शन. आधी काहीच नसेल तर एरिया "मेन" समजायचा.

आमच्या नाक्यावरच्या किराणा दुकानात चला, म्हणजे फरक लगेच कळेल. बंद पाकिटावर एक बारीक हिरवा ठिपका असतो, शाकाहारी मालाचा. हा ठिपका दुकानदार लावत नाही आणि त्याच्या मर्जीवरही नाही. आत काय आहे त्यावरून तो ठरतो. पाकीट कुठल्या फळीवर ठेवायचं, मसाल्यांच्या, बिस्किटांच्या की साबणाशेजारी, हे मात्र गिऱ्हाईक ते कुठे शोधेल यावरून ठरतं. ठिपका म्हणजे एरिया. फळी म्हणजे सेक्शन. हिरव्या ठिपक्याचं पाकीट कुठल्याही फळीवर असू शकतं. फळी चुकली तर गिऱ्हाईक कुरकुरेल, ठिपका चुकला तर फसवणूक होईल.

म्हणून आधी ठिपक्याचं बघू. फळी सोपी आहे.

डेबियनने १९९७ साली आपला एक सामाजिक करार जाहीर केला आणि त्यातच सॉफ्टवेअर मुक्त कशाला म्हणायचं याचे दहा निकष घातले. त्यांना डीएफएसजी (डेबियन फ्री सॉफ्टवेअर गाइडलाइन्स) म्हणतात. थोडक्यात सांगायचं तर सॉफ्टवेअर कुणालाही पुढे देता आलं पाहिजे, विकताही आलं पाहिजे. त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याचा मूळ मजकूर, मिळाला पाहिजे. तो बदलता आला पाहिजे आणि बदललेला वाटता आला पाहिजे. अमक्या माणसाने वापरू नये, तमक्या धंद्यात वापरू नये अशी अट नसावी. आणि जो हक्क डेबियनला मिळाला तोच पुढच्या प्रत्येकाला मिळावा. डेबियनसाठी म्हणून खास सूट दिलेली चालत नाही.

या निकषांत जे पूर्ण बसतं ते मेनमध्ये जातं. करारानुसार डेबियन म्हणजे फक्त मेन. बाकीचे एरिया (निकषांत न बसणाऱ्यांसाठी नॉन-फ्री, आणि कॉन्ट्रिब वगैरे, ज्यांचं पुढे सांगतो) डेबियनच्या सर्व्हरवर असतात, पण ते डेबियनचा भाग नाहीत. शेजारच्या वाडीत राहणाऱ्या पाहुण्यांसारखं. सिक्युरिटी टीमची हमीही मेनपुरतीच असते, कॉन्ट्रिब आणि नॉन-फ्रीला ती नाही.

भाच्याचा पहिला घोटाळा इथेच झाला. "मामा, माझा प्रोग्राम फुकट आसा मां! मग मेनच."

फुकट आणि मुक्त यांची ही गल्लत मीही केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका देवनागरी फॉन्टचं पॅकेज मी मोठ्या हौसेने बांधलं होतं. फॉन्ट सुंदर होता, त्यातला ळ तर काय सांगू! तो फुकट मिळत होता. बनवणाऱ्याने बरोबरच्या फाइलमध्ये एक साधं वाक्य लिहिलं होतं: व्यापारी कामासाठी वापरू नये. वाचून मला ते रास्तच वाटलं होतं. पॅकेज परत आलं. लग्नपत्रिका छापणारा प्रेसवाला त्या फॉन्टने पत्रिका छापू शकत नाही, म्हणजे एका धंद्याला मनाई आहे, आणि दहांपैकी सहावा निकष तिथेच मोडला. फुकट असला तरी फॉन्ट नॉन-फ्री. उलट पाच हजार रुपये घेऊन विकलेलं सॉफ्टवेअरही मुक्त असू शकतं, जर घेणाऱ्याला वरचे सगळे हक्क मिळत असतील.

याहून चमत्कारिक उदाहरणही आहे. एका प्रसिद्ध परवान्यात लिहिलेलं आहे की हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरावं, वाईट कामासाठी नाही. वाचायला किती गोड! पण चांगलं काय आणि वाईट काय हे ठरवणार कोण? वापरावर अट आली, म्हणजे तेही नॉन-फ्रीच.

सोर्स कोड उघडा असला की झालं, असंही नाही. रार नावाच्या, दाबून लहान केलेल्या फाइली उघडणारा अनरार घ्या. त्याचा सोर्स मिळतो, वाचता येतो, बदलताही येतो. पण हा कोड वापरून रारची दाबण्याची पद्धत पुन्हा तयार करायची नाही, अशी अट आहे. म्हणून अनरार नॉन-फ्रीमध्ये आहे. ईमॅक्स हा एडिटर मेनमध्ये आहे, पण त्याच्या मोठ्या हस्तपुस्तिका नॉन-फ्रीमध्ये आहेत, कारण त्यांच्या परवान्यात काही भाग कधीच बदलता येणार नाहीत असं म्हटलंय. २००६ साली डेबियनच्या सभासदांनी मतदान करून ठरवलं की असे न बदलता येणारे भाग असतील तर पुस्तिका मुक्त नाही. प्रोग्राम एका घरात, त्याची पुस्तिका दुसऱ्या घरात. मला हे मतदान तेव्हा हट्टीपणाचं वाटलं होतं. आजही थोडं वाटतं. पण नियम एकदा सगळ्यांना सारखा लावायचा म्हटला की आपल्या माणसालाही लागतो.

आता कॉन्ट्रिब. सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

त्याच दुकानात फिश करी मसाल्याचं पाकीट मिळतं. पाकिटावर मासा छापलेला असतो, आणि कोपऱ्यात हिरवा ठिपका. खोटं काही नाही. आत धणे, मिरची, हळद, बडीशेप, सगळं शाकाहारी. पण सोमवारी आमच्या घरी मासे नसतात, त्या दिवशी हे पाकीट काय कामाचं? स्वतः चोख, पण ज्याच्यासाठी जन्माला आलं ते स्वयंपाकघरात येऊ शकत नाही. कॉन्ट्रिब म्हणजे हा मसाला. पॅकेज स्वतः पूर्ण मुक्त, पण चालायला किंवा बांधायला मेनबाहेरची एखादी गोष्ट लागते. आणि नॉन-फ्री म्हणजे खुद्द बांगडा.

मेनचं स्वयंपाकघर सोमवारचं आहे. तिथे मासा तर नाहीच, माशाशिवाय अडणारा मसालाही नाही. डेबियनच्या पॉलिसीत हे नेमकं लिहिलेलं आहे. मेनमधलं पॅकेज मेनबाहेरच्या पॅकेजवर अवलंबून असता कामा नये. त्याची शिफारसही करता कामा नये, कारण शिफारस केलेलं पॅकेज ॲप्ट हा पॅकेज बसवणारा प्रोग्राम मुळातच बरोबर बसवून टाकतो. आणि बांधतानाही बाहेरचं काही लागता कामा नये. हा शेवटचा भाग लोक विसरतात. व्हर्च्युअलबॉक्स हा संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारा प्रोग्राम. त्याचा मुख्य कोड मुक्त आहे. पण त्यातला बायोसचा एक तुकडा बांधायला ओपन वॉटकॉम नावाचा कंपायलर, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन, लागतो आणि त्याचा परवाना निकषांत बसत नाही. बस, एवढ्यावरून आख्खं पॅकेज कॉन्ट्रिबमध्ये गेलं. ताटातली भाजी शाकाहारी असेल, पण ती ढवळली कुठल्या पळीने हेही विचारलं जातं. आमच्या आजीचे सोमवार आठवले.

एक सवलत मात्र आहे. "हवं असेल तर हेही बघा" एवढंच सुचवलेलं चालतं. त्याला सजेस्ट म्हणतात. सुचवलेलं पॅकेज आपोआप बसत नाही. ज्याला हवं तो मागून घेतो.

मग एखादी गोष्ट माशाबरोबरही चालते आणि माशाशिवायही, तर? तिरफळाचं बघा. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ नसेल तर आमच्याकडे ताट मागे सरकवतात. पण आमच्या घरी तुरीच्या आमटीतही तिरफळ पडतं. म्हणून तिरफळ सोमवारच्या डब्यात राहतं. स्कमव्हीएम हा जुने साहसी खेळ चालवणारा प्रोग्राम याच न्यायाने मेनमध्ये आहे. त्याच्यावर चालणारे बरेच खेळ बंद परवान्याचे आहेत, पण वाटण्याची मोकळीक असलेले काही खेळ मेनमध्येच आहेत, त्यामुळे त्याचं बाहेर काही अडत नाही. हे तिरफळ ध्यानात ठेवा, भाच्याच्या प्रोग्रामचं गाडं शेवटी त्यावरच सुटलं.

कॉन्ट्रिब हा पत्ता कायमचा नसतो. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेचंच बघा. जावात लिहिलेले कितीतरी मुक्त प्रोग्राम वर्षानुवर्षं कॉन्ट्रिबमध्ये पडून होते, कारण ते चालवायला सन कंपनीची जावा लागायची आणि ती मुक्त नव्हती. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा त्यात काही दोष नव्हता. नोव्हेंबर २००६ मध्ये सनने जावा जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुली करायला सुरुवात केली. पुढे ओपनजेडीके, म्हणजे ही खुली जावा, मेनमध्ये आली आणि हे प्रोग्राम, त्यांच्या कोडची एक ओळही न बदलता, मेनमध्ये जायला मोकळे झाले. एसटीच्या फाट्यावर उतरून होडीची वाट बघत बसलेला माणूस असतो ना, तसं. त्याचं सामान बांधलेलंच असतं.

आता चौथा एरिया, नॉन-फ्री-फर्मवेअर. वाय-फाय कार्ड, ग्राफिक्स चिप, प्रोसेसर यांना आतून चालवणारा बारीकसा कोड असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. तो बहुतेक वेळा बंद असतो. पूर्वी तो सरसकट नॉन-फ्रीमध्ये होता आणि डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायचा. त्यामुळे वाय-फाय चालू करायला फर्मवेअर हवं, आणि फर्मवेअर उतरवायला वाय-फाय हवं! एका पावसाळ्यात शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर डेबियन चढवताना मी फोन वायरीने जोडून त्यातून नेट घेत बसलो होतो, बाहेर वीज जात-येत होती, आणि शेजारी विचारत होता की हेच ते सोपं लिनक्स का. २०२२ साली सभासदांनी मतदान करून सामाजिक करारात दुरुस्ती केली, फर्मवेअरसाठी वेगळा एरिया काढला, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरबरोबरच येऊ लागलं. ज्याला वाय-फायपुरतं फर्मवेअर हवं त्याने सगळा नॉन-फ्री दरवाजा उघडायची गरज उरली नाही. हा निर्णय मला मनापासून पटला.

आता भाच्याचा प्रोग्राम.

मी विचारलं, कोड कुणाचा? त्याचाच, पायथन या भाषेत लिहिलेला, परवाना जीपीएल. उत्तम. मग भरतीच्या वेळा येतात कुठून? त्याने एक फाइल दाखवली. बंदराबंदराचे आकडे होते. चंद्र-सूर्याच्या ओढीचे जे निरनिराळे ताल असतात, त्यातला प्रत्येक ताल त्या बंदरात किती जोराचा आणि किती उशिराने लागतो, याचे ते आकडे. ते असले की पुढच्या कित्येक वर्षांच्या भरत्या मांडता येतात. आकडे त्याने इंटरनेटवरून उचलले होते. सोबतच्या फाइलमध्ये एक ओळ होती: अव्यापारी वापरासाठी.

माझा फॉन्ट आठवला.

हा पेच नवा नाही. एक्सटाइड नावाचा भरतीचा जुना प्रोग्राम डेबियनमध्ये आहे आणि त्याच्यापुढेही हेच होतं. प्रोग्राम मेनमध्ये. अमेरिकी बंदरांचे आकडे मेनमध्ये, कारण तिथलं संघ सरकार स्वतः जे तयार करतं त्यावर त्या देशात कॉपीराइट नसतो. अमेरिकेबाहेरच्या ज्या आकड्यांवर व्यापारी वापराची बंदी होती, त्यांचं पॅकेज वेगळं करून नॉन-फ्रीमध्ये ठेवलं गेलं. समुद्र तोच आणि चंद्र तोच, पण परवाना प्रत्येक किनाऱ्याचा वेगळा.

भाचा म्हणाला, मग सरकारी भरती-कोष्टकं वापरतो, आपल्याकडे सर्व्हे ऑफ इंडिया काढतंच की. पण आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा कोष्टकं आणि डेटाबेस यांनाही साहित्यकृतीत धरतो, आणि सरकारी प्रकाशनांवरही आपल्याकडे साठ वर्षं कॉपीराइट राहतो. सरकारी आहे म्हणजे आपलंच, हे भाषणात ठीक आहे. पॅकेजमध्ये लेखी परवाना लागतो.

म्हणजे झालं काय, तर कोड मुक्त, आकडे नॉन-फ्री, आणि आकड्यांशिवाय कोड काहीच सांगत नाही. शुद्ध फिश करी मसाला. कॉन्ट्रिब.

पोरगं हिरमुसलं. कॉन्ट्रिबमध्ये गेल्याने प्रोग्राम वाईट ठरत नाही हे मी सांगून पाहिलं, पण त्याला मेनच हवं होतं. आकडे काढून टाकायचे तर मग दाखवायचं काय?

पडवीत बाबा जाळ्याचा फाटका कोपरा विणत बसले होते. आमचं बोलणं अर्ध्याहून जास्त त्यांच्या डोक्यावरून जात होतं, पण भरतीचं नाव ऐकून त्यांनी मान वर केली.

"आज सप्तमी मां? मगे सवापाचाक भरती. तेका काँप्युटर कित्याक होयो?"

तिथीची पाऊणपट करायची, की भरतीचा तास मिळतो. सात गुणिले पाऊण, सव्वापाच. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. कोकणातल्या होडीवाल्याला हे पाठ असतं. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा माथ्यावर येतो, तेवढीच भरती पुढे सरकते, एवढंच त्यामागचं गणित. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं आणि पाणी किती चढेल हे त्यातून कळत नाही. उधाणाची (मोठी) भरती की भांगाची (लहान), ते वेगळं बघावं लागतं. पण हा ठोकताळा कुणाच्या मालकीचा नाही. तिथी काढायला चंद्र-सूर्याची जागा लागते, आणि ती काढण्याची सूत्रंही सगळ्यांना खुली आहेत.

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तिरफळ.

त्याने रात्रीत प्रोग्राम फिरवला. आता आकडे नसतील तर तो तिथीच्या पाऊणपटीने अंदाज देतो आणि वर "अंदाजे" असं स्पष्ट लिहितो. कुणाकडे स्वतःच्या बंदराचे आकडे असतील तर ते घालायची सोय ठेवली. नॉन-फ्री आकड्यांचं पॅकेज वेगळं केलं, आणि मुख्य पॅकेज ते फक्त सुचवतं. प्रोग्राम एकटा उभा राहतो, खरोखर उपयोगी पडतो, म्हणून मेन. इथे एक सावधगिरी सांगतो. नुसतं कागदोपत्री "अवलंबून" खोडून "सुचवतो" लिहिलं की पॅकेज मेनचं होत नाही. माशाशिवाय कालवण होत नसेल तर डब्यावर काहीही लिहा. तपासणारी मंडळी प्रोग्राम एकटा काय करतो हे बघतात.

फळीचा प्रश्न मग संध्याकाळी चहा पिता पिता सुटला. डेबियनमध्ये पन्नासहून जास्त सेक्शन आहेत: गेम्स, फॉन्ट्स, मेल, साउंड, ग्राफिक्स, एज्युकेशन, सायन्स, हॅम रेडिओवाल्यांसाठीसुद्धा एक. भाच्याने "पायथन" निवडलं होतं, कारण प्रोग्राम पायथनमध्ये आहे. ही सगळ्यांत मोठी ढोबळ चूक. पायथनची फळी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी आहे, तिथे त्यांना लागणारी मॉड्यूल्स असतात. भरती बघायला आलेल्या माणसाला प्रोग्राम कशात लिहिलाय याच्याशी काय करायचंय? लोणचं कुठल्या बरणीत घातलंय यावरून कुणी ते बरण्यांच्या फळीवर ठेवत नाही.

एकाच सोर्समधून अनेक पॅकेजेस निघत असतील तर प्रत्येकाची फळी वेगळी असू शकते. लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना लागणारा सामायिक कोड, लिब्समध्ये, तिच्यावर कोड लिहिणाऱ्यांसाठीच्या फाइली लिबडेव्हलमध्ये, नुसती पुस्तिका असेल तर डॉकमध्ये. भाच्याच्या प्रोग्रामला सायन्स की युटिल्स यावर आमचा थोडा वाद झाला. मी सायन्सच्या बाजूचा होतो. मिस्क, म्हणजे सटरफटर, हा सेक्शनही आहे, पण तिथे माल टाकायचा तो दुसरीकडे कुठेच बसत नसेल तर. आळसाने नाही. आणि प्रोग्राम सुरू करायच्या मेन्यूत तो कुठल्या गटाखाली दिसेल ते या सेक्शनवरून ठरत नाही. त्यासाठी वेगळी डेस्कटॉप फाइल असते, तिच्यातले वर्ग वेगळे. हे दोन एकच समजून आम्ही अर्धा तास घालवला.

फार डोकं लावायचंही कारण नाही. तुम्ही लिहिता ती सूचना असते. नवं पॅकेज आधी एका रांगेत थांबतं, अर्काइव्ह सांभाळणारे एफटीपीमास्टर ते उघडून परवाने बघतात, आणि शेवटचा शब्द त्यांच्या यादीचा. सेक्शन त्यांनी बदलला तर बदलला. एरिया चुकला असेल तर मात्र पॅकेज परत येतं.

उबुंटू वापरणाऱ्यांसाठी एक वाक्य: तिथे मेन, युनिव्हर्स, रिस्ट्रिक्टेड, मल्टिव्हर्स असे चार भाग आहेत, पण त्यातल्या मेनचा अर्थ डेबियनच्या मेनसारखा नाही. तिथे परवान्याबरोबरच त्या पॅकेजची देखभाल कंपनी करते की समाज करतो हेही मोजलं जातं.

सगळं झालं असं वाटलं, तेवढ्यात मी पॅकेजमधल्या सगळ्या फाइलींवर शेवटची नजर टाकली. हे करावंच. परवाने तपासणारी साधनं आहेत, पण चित्रांपुढे ती आंधळी असतात. एका फोल्डरमध्ये प्रोग्रामचं चिन्ह होतं, लाटेवरची छानशी होडी. कुठून आणलंस? शोधलं, मिळालं, घेतलं. परवाना? काहीच लिहिलेलं नव्हतं.

"मग ता नॉन-फ्री?"

नाही. नॉन-फ्रीमध्ये जायलासुद्धा निदान पुढे वाटायची परवानगी लागते. काहीच लिहिलेलं नसेल तर सगळे हक्क मूळ माणसाकडे राहतात, आणि अशी वस्तू चारपैकी कुठल्याच एरियात बसत नाही. केडीई हा एवढा मोठा डेस्कटॉप (पडद्यावरच्या खिडक्या-मेन्यू सांभाळणारं सॉफ्टवेअर) १९९८ च्या ऑक्टोबरात डेबियनने अर्काइव्हमधून काढून टाकला होता तो याच कारणाने. केडीईचा जीपीएल परवाना आणि तो ज्यावर उभा होता त्या क्यूटी लायब्ररीचा परवाना यांचं जुळत नव्हतं, आणि दोन्ही एकत्र वाटायची परवानगी कागदावर नव्हती. कॉन्ट्रिबमध्येही जागा उरली नाही. सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी जीपीएलखाली आली, तेव्हा केडीईचा परतीचा रस्ता मोकळा झाला. तिथे दोन वर्षं गेली. इथे एका चित्राचा प्रश्न होता.

चिन्ह काढून टाकलं. आता आजोबांच्याच होडीचा फोटो काढून त्यावरून नवं चिन्ह करायचं ठरलंय. फोटो त्याचा, होडी आमची, परवाना तो देईल तो. ओहोटीला होडी चिखलात एका अंगावर कलते, म्हणून पाणी चढायची वाट बघत तो धक्क्यावर जाऊन बसलाय. आज दशमी, म्हणजे साडेसात. तोवर उजेड राहणार नाही, आणि भांगाच्या पाण्याला होडी उचलेल की नाही याचीही बाबांना शंका आहे. आकडे घालून प्रोग्राम सात वाजून पाच सांगतोय.